श्रावण आणि अंड्यातली लस: बाबांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या साखळीचे. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह आहे, दम्याचा पंपही. गेल्या चतुर्थीला घरी बावीस माणसं होती. कुणीतरी खोकला घेऊन आलं आणि विसर्जनानंतर सगळे एकेक करून आडवे. बाबांना आठ दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. म्हणून यंदा डॉक्टरांनी फ्लूची लस घ्यायला सांगितलीय. बाबा तयार नाहीत.

कारणं रोज बदलतात. "कोविडच्या घेतल्या त्या पुरे." मग, "सरकार फुकट देत नाही, म्हणजे गरजेची नाही." मग २००९ चा स्वाइन फ्लू काढला: "तेव्हा खिशात कापूर-वेलचीची पुडी ठेवून फिरलो, काय झालं?" आत्या त्या ऑगस्टमध्ये पुण्यात होती. शाळा-थिएटरं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा. तिला विचारा म्हटलं, तर गप्प बसले.

पण परवा माझीच पंचाईत झाली. फ्लूची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. बाबांनी डोळे वटारून विचारलं, "खरं की खोटं?" आता काय सांगू, बहुतेक लसींच्या बाबतीत ते खरंच आहे. श्रावणात आमच्याकडे बांगडासुद्धा शिजत नाही.

श्रावण संपल्यावर घ्या म्हणावं, तर अमावास्येनंतर चौथ्या दिवशी गणपती. लसीचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात. काय करू?

प्रतिसाद १
अंड्याशिवाय बनवलेल्या फ्लूच्या लसीही असतात. तुमच्याकडे मिळते का, डॉक्टरांना विचारा. आणि डबीवरचं वर्ष बघून घ्या. विषाणू बदलत राहतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लसीत कुठले प्रकार घ्यायचे ते ठरवते. गेल्या वर्षीची उरलेली घेऊ नका.

प्रतिसाद २
आमच्या आईचं अगदी हेच होतं. मी वाद घालणं सोडलं आणि भटमामांना घरी चहाला बोलावलं. ते म्हणाले, "औषधाला कसलं सोवळं?" दुसऱ्या दिवशी आई स्वतःच दंड पुढे करून बसली! दिवसभर दंड दुखला, बाकी काही नाही. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लसीनेच फ्लू होतो ही भीती असेल तर तीही काढून टाका. मात्र लस घेतली तरी खोकणाऱ्या पाहुण्याला बाबांपासून लांब बसवाच.

धागाकर्ता
आभारी आहे दोघांचा. भटमामांचं सुचलंच नव्हतं, संध्याकाळी फोन लावतो. बाबा आता अंगणात माटोळीची (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात ती) चौकट पुसत बसलेत, या घडीला विषय काढत नाही.