मदत हवी आहे : नखे कापण्याच्या भीतीने कुत्री हात लावू देत नाही, तिचा विश्वास परत कसा मिळवावा?

नमस्कार.

आमच्याकडे चिमी नावाची साडेतीन वर्षांची, 18 किलो वजनाची कुत्री आहे. स्वभावाने ती अतिशय मवाळ आहे. केस विंचरणे, अंघोळ, कान पुसणे हे सर्व ती मुकाट्याने करू देते. फक्त नखांचा विषय आला की ती आम्हाला ओळखतच नसल्यासारखी वागू लागते. याला कारण मीच आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते, म्हणून काय घडले ते आधी सविस्तर लिहिते.

सुमारे आठ महिन्यांपूर्वी घरी तिची नखे कापताना एक नख माझ्या हातून फार खोलवर कापले गेले. रक्त आले आणि ती कळवळून ओरडली. मी तिथेच थांबायला हवे होते, पण ‘या पंज्याची उरलेली दोन नखे तेवढी उरकून घेऊ’ असा विचार करून मी तिला घट्ट धरून ठेवले आणि ती कापली. पहिली चूक नकळत झाली, दुसरी मात्र मी जाणूनबुजून केली, आणि तिच्या लक्षात दुसरीच राहिली असावी असे मला राहून राहून वाटते. तेव्हापासून नेलकटर ज्या कप्प्यात ठेवतो तो उघडल्याचा नुसता आवाज झाला तरी ती पलंगाखाली जाऊन बसते.

त्यानंतर आम्ही बरेच उपाय केले. तिच्या आवडीचा खाऊ ताटलीत पसरून ठेवायचा आणि ती खाण्यात गुंतली की हळूच नेलकटर बाहेर काढायचे, असे काही दिवस केले. आता ती ताटली दिसली तरी मागे सरकते. ती झोपेत असताना एखादे नख कापून पाहिले, तर आता पायाजवळ कोणी बसले तरी ती दचकून जागी होते. गेल्या महिन्यात माझ्या यजमानांनी तिचा पंजा हातात घेतला तेव्हा ती गुरगुरली आणि तिचे दात त्यांच्या हाताला लागले. जखम झाली नाही. गुरगुरणे खपवून घेऊ नये, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडल्यामुळे मी तिला रागावले. त्यानंतर ती गुरगुरत नाही, पण पंज्याला हात लावताच दगडासारखी ताठ होऊन जाते, आणि मला त्या ताठ होण्याची अधिक भीती वाटते.

एकदा दवाखान्यात तोंडाला जाळी बांधून, तिघांनी धरून नखे कापून घेतली. भीतीने तिला तिथेच लघवी झाली. तसे पुन्हा करण्याची माझी तयारी नाही.

सध्या ती चालताना फरशीवर नखांचा टकटक आवाज येतो. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे पुढच्या दोन्ही पायांवर आतल्या बाजूला, थोडे वर असलेले अंगठ्याचे नख वळू लागले आहे आणि त्याचे टोक कातडीपासून काही मिलिमीटरच दूर राहिले आहे. तिची नखे काळी असल्यामुळे आतली रक्तवाहिनी कुठपर्यंत आली आहे हेही मला दिसत नाही. सवय लावायला वेळ द्यावा लागतो हे मला समजते, पण वाढणारे नख तर माझ्यासाठी थांबणार नाही. या दोन्हींचा मेळ कसा घालावा, आणि ज्या प्राण्याचा विश्वास आपल्याच हातून तुटला आहे त्याच्यासोबत सुरुवात नेमकी कुठून करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला प्रश्न काळजीपूर्वक वाचला. अंगठ्याच्या नखांबद्दल आधी लिहितो. हे नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे चालताना झिजत नाही. वाढत राहिले तर गोल वळून कातडीत शिरते आणि तिथे जखम होऊन पू धरू शकतो. त्यामुळे सवय लागेपर्यंत ते तसेच ठेवू नका. पशुवैद्यांना तिच्या भीतीची पूर्ण कल्पना द्या आणि घरून निघण्यापूर्वी देता येईल असे भीती कमी करणारे औषध तिच्यासाठी योग्य ठरेल का, किंवा सौम्य भूल देऊन नखे कापता येतील का, ते विचारा. असे औषध घेणे हा आपला पराभव आहे असे अनेकांना वाटते, पण मला ते पटत नाही. तिघांनी दाबून धरल्याची आठवण कुत्र्याच्या मनात फार काळ राहते. मात्र माणसांचे कोणतेही औषध स्वतःच्या अंदाजाने तिला देऊ नका, आणि हे काम घरच्या सरावापासून पूर्णपणे वेगळे ठेवा.

आता घरच्या सरावाकडे वळतो. आपण लिहिले आहे की आधी खाऊ पसरला आणि ती खाऊ लागल्यावर नेलकटर काढले. माझ्या मते अडचण याच क्रमात आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांत कुत्र्यांना आधी ठरावीक आवाज ऐकू येई आणि मग अन्न मिळे, म्हणून पुढे नुसत्या आवाजानेही त्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. आपल्याकडे क्रम उलटा झाला. खाऊ दिसला की पाठोपाठ नेलकटर येते, हे चिमी शिकली, आणि त्यामुळे बिचारा खाऊच संशयास्पद ठरला. म्हणून नेहमी आधी नेलकटर दिसले पाहिजे आणि मग खाऊ आला पाहिजे. नेलकटर लपवले की खाऊही थांबला पाहिजे. ती जुनी ताटली, तो कप्पा आणि शक्य असल्यास ते नेलकटरही बदलून टाका.

सुरुवात पंज्यापासून करू नका. तिच्यापासून पाच-सहा पावलांवर नवे नेलकटर जमिनीवर ठेवा, तिने त्याकडे पाहिले की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्या, आणि दोन मिनिटांत सर्व आवरून घ्या. वस्तू दिसताच ती आनंदाने तुमच्याकडे पाहू लागली की अंतर थोडे कमी करायचे. हाताचा सराव वेगळ्या वेळी करा. खांद्याला एक क्षण हात लावा, हात काढून घ्या, मग खाऊ द्या. पुढे कोपर, मग मनगट, मग पंजा. नेलकटरच्या आवाजासाठी कच्च्या स्पॅगेटीची काडी तिच्यापासून दूर कापा, कारण तो आवाज नख कापल्यासारखाच येतो. हे सर्व टप्पे स्वतंत्रपणे सोपे झाल्यावरच एकत्र आणायचे असतात, आणि बहुतेकांची घाई नेमकी इथेच नडते.

तिला ‘नको’ म्हणण्याचा मार्ग देणे सर्वांत महत्त्वाचे आहे. घडी केलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकवून ठेवायला तिला शिकवा. हनुवटी टेकलेली आहे तोपर्यंत आपण काम करायचे आणि तिने ती उचलताच त्या क्षणी हात काढून घ्यायचा, मग नेलकटर नखाला लागलेले असले तरी. पहिल्या काही दिवसांत ती पुन्हा पुन्हा हनुवटी उचलून तुम्हाला पारखेल. तुम्ही खरोखर थांबता हे तिला कळले की ती अधिक वेळ हनुवटी टेकवून ठेवते.

गुरगुरण्याबद्दल आपली भीती रास्त आहे. गुरगुरणे ही सूचना असते. ती शिक्षेने बंद केली तरी भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रा सूचना न देता चावू शकतो. त्यामुळे आता त्याआधीच्या खुणा पाहायला शिका. ओठांवरून जीभ फिरवणे, झोप नसताना जांभई देणे, मान दुसरीकडे वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, उघडे तोंड एकाएकी मिटणे, एरवी आवडणारा खाऊ नाकारणे. यांपैकी काहीही दिसले तरी एक टप्पा मागे या. घरातील वडीलधाऱ्यांनाही या खुणा दाखवा, म्हणजे त्यांचेही मत बदलेल.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. मी केवळ काळ्या नखांविषयी भर घालते. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, म्हणून खोल कापल्यावर रक्तही येते आणि वेदनाही होते. पांढऱ्या नखात हा भाग गुलाबी दिसतो, काळ्या नखात बाहेरून दिसत नाही. त्यामुळे एका वेळी जेमतेम एक मिलिमीटरची चकती कापावी आणि कापलेल्या भागाकडे समोरून पाहावे. सुरुवातीला तो कोरडा आणि खडूसारखा दिसतो; मध्यभागी ओलसर, गडद ठिपका दिसू लागला की तिथेच थांबावे. नखे फार वाढलेली असतील तर आतली रक्तवाहिनीही पुढे आलेली असते. दर आठवड्याला थोडे थोडे टोक काढत राहिल्यास ती हळूहळू मागे सरकते, म्हणून एकाच दिवशी नखे आखूड करण्याचा आग्रह धरू नये. नेलकटरचे पाते बोथट असेल तर ते नख कापण्याऐवजी चेपते आणि कुत्र्याला दुखते. चुकून रक्त आलेच तर स्वच्छ कापडावर कॉर्नफ्लोअर घेऊन काही मिनिटे दाबून धरावे. तरीही रक्त थांबत नसेल तर पशुवैद्यांना गाठावे.

धागाकर्ती

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलात लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. क्रमाची चूक वाचल्यावर सर्व प्रसंग नव्याने डोळ्यांसमोर आले. एक शंका आहे. सराव पूर्ण होईपर्यंत बाकीची नखे वाढतच राहतील. तोवर कात्रीशिवाय ती झिजवण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १

आहे. एका रुंद फळीवर खरखरीत पॉलिश कागद घट्ट चिकटवा, फळी तिरकी धरा आणि तिला पुढच्या पायांनी त्यावर ओरखडायला शिकवा. बहुतेक कुत्री हे खेळासारखे शिकतात, आणि नख किती झिजवायचे हे तिचे तिच्या हातात राहत असल्यामुळे भीतीचा प्रश्नच येत नाही. दोन गोष्टी सांभाळा. मधली दोन नखे कडेच्या नखांपेक्षा लवकर झिजतात, आणि उत्साहाच्या भरात तळव्याची गादी सोलवटू शकते, म्हणून रोज चार-सहा ओरखडे पुरेत. अंगठ्याचे नख फळीला लागत नाही, त्याचे काम दवाखान्यातच करून घ्या.

धागाकर्ती (सहा आठवड्यांनंतर)

झालेली प्रगती कळवणे मला आवश्यक वाटते. पशुवैद्यांनी सुचवलेले औषध घरून देऊन आम्ही गेलो आणि अंगठ्याची दोन्ही नखे कापून झाली. ती पेंगुळलेली होती, कोणालाही तिला दाबून धरावे लागले नाही. फळीवर ओरखडणे ती चार दिवसांत शिकली आणि आता संध्याकाळी स्वतःच फळीपाशी जाऊन बसते. हनुवटीच्या सरावाला मात्र वेळ लागला. दुसऱ्या आठवड्यात मी घाई करून एकदम पंज्यापर्यंत गेले आणि तिने तीन दिवस टॉवेलकडे पाहिलेही नाही. पुन्हा खांद्यापासून सुरुवात करावी लागली. काल तिने हनुवटी टेकवलेली असताना मी पुढच्या उजव्या पंज्याच्या एका नखाचे टोक कापले. आवाज झाल्यावर तिने मान उचलली, मी नेलकटर खाली ठेवले, आणि थोड्या वेळाने तिने आपण होऊन पुन्हा हनुवटी टेकवली. दुसरे नख कापायचा मोह झाला होता, पण मी तिला खाऊ दिला आणि टॉवेल उचलून ठेवला.