विडी कामगार वस्तीत जुनाट दुखण्याचा गट: सुरुवात कशी करावी?

पूर्वभाग_आशा
सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांसाठी आठवड्याला एक बैठक सुरू करतोय. मान, खांदा, कंबर, बोटांना मुंग्या. बहुतेकींचं दुखणं तीन महिन्यांच्या पलीकडचं. फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एकदाच येतील. सिव्हिलला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. नोंद काय ठेवू, शिकवू काय, पुढे कुणाला पाठवू?

मणका_फिजिओ
पहिल्या बैठकीत व्यायाम नको, आधी छाननी. पाठीचं दुखणं रात्री झोपू देत नाही, सोबत बारीक ताप आणि वजन उतरतंय, तर मणक्याचा टीबी डोक्यात ठेवून त्याच आठवड्यात पाठवा. लघवी तुंबणं, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, पाय लुळा पडणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी सिव्हिल; मजुरीचा विचार तिथे नाही. चालताना छाती भरून डावा हात दुखत असेल तर दुखणं हृदयाचं असू शकतं, खांदा शेकत बसू नका.

मुंग्यांची चौकशी नीट करा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, रात्री जास्त आणि हात झटकला की बरं वाटतं, म्हणजे बहुधा मनगटात नस दाबली जातेय. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री, सहा आठवडे. अंगठ्याच्या मुळाचं मांस उतरलेलं दिसलं तर सहा आठवडे वाट पाहू नका, डॉक्टरांकडे पाठवा. दोन्ही पायांच्या तळव्यांना मुंग्या असतील तर आधी साखर तपासा.

नोंदीला तीन प्रश्न पुरे: गेल्या आठवड्यात सरासरी दुखणं किती, त्यामुळे जगण्यातला आनंद किती गेला, रोजच्या कामात किती अडलं. प्रत्येकी ० ते १०. तिन्हींची सरासरी ३० टक्के उतरली तर फरक खरा. आकडा सांगणं जड जात असेल तर दहा चिंचोके पुढे ठेवा, दुखण्याइतके उचलू द्या. तेलुगू बोलणारी एक कार्यकर्ती सोबत हवीच.

सूप_कात्री
बसायची पद्धत बदलल्याशिवाय व्यायामाचा उपयोग टिकत नाही. घडी घातलेली वाकळ बुडाखाली, तीन-चार इंच उंच, पाठ भिंतीला, सूप मांडीवर न ठेवता पाटावर, म्हणजे मान कमी वाकते. कात्री बोथट असली की अंगठ्यावर सगळा जोर येतो, धार लावून घ्या.

विश्रांती घड्याळावर सांगितली तर कोणी पाळत नाही, विड्यांवर सांगा. दिवसाला हजार वळणारीला पन्नास विड्यांना साधारण अर्धा तास लागतो. पन्नास झाल्या की उठायचं, दुखायची वाट न पाहता: खांदे मागे ओढून पाच सेकंद, दहा वेळा, हनुवटी आत, दहा वेळा, मनगट ताणून वीस सेकंद. दोन मिनिटांत होतं. बरं वाटलं त्या दिवशी दीड हजार वळून पुढचे दोन दिवस आडवं पडणं, गट मोडतो तो इथेच. आठवड्याला थोडंच वाढवा.

बैठकीची वेळ तयार विड्या देऊन पान-तंबाखू आणल्यानंतरची धरा. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी कोणी बसणार नाही.

पूर्वभाग_आशा
कमरेचा पट्टा वाटावा का? आणि बऱ्याच जणी पुडीतल्या गोळ्या घेतात, नाव कुणालाच ठाऊक नाही.

औषधपेटी
पट्ट्यावर पैसे घालू नका. जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून मणका ताणणं) नेहमीचा उपाय म्हणून नकोत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या मार्गदर्शनात म्हटलंय. समजावणं, व्यायाम अशा उपायांना पुढे ठेवलंय.

पुडीचं प्रकरण मात्र गंभीर आहे. त्यात स्टेरॉइड असू शकतं. चेहरा गोल सुजलेला, साखर अचानक वाढलेली, पुडी घेतली की तासाभरात हुशारी, ही लक्षणं पाहा. काही आठवडे रोज घेत असेल तर «आजपासून बंद» असं कधीही सांगू नका. एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जीवावर बेततं. पुडीसकट डॉक्टरांकडे न्या, मात्रा तेच हळूहळू उतरवतील. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅकसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी मागवून पाहा, दोन नावांखाली एकच औषध बऱ्याचदा निघतं. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असणारीने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.