समुद्रकाठच्या तंबूच्या जागा सहा महिने आधीच वाटून टाकाव्यात का?

धागाकर्ता:
कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या राज्य उद्यानांत तंबूच्या जागेचे आरक्षण सहा महिने आधी सकाळी आठ वाजता खुले होते आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बघता बघता संपतात. माझ्या मते प्रत्येक तळावरच्या पाचातली एक जागा आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. गेल्या जुलैत उत्तर किनाऱ्यावर आमच्या शेजारच्या जागेच्या खांबाला आरक्षणाची चिठ्ठी दोन दिवस लटकत होती. धुक्याने भिजून तिच्यावरची शाई पसरली, पण तंबू काही उभा राहिला नाही, आणि त्याच दोन्ही संध्याकाळी फाटकावरून गाड्या परत फिरत होत्या. ज्यांना रजा जेमतेम आठवडाभर आधी कळते, त्यांनी समुद्रकाठी रात्र काढूच नये का?

प्रतिसाद १:
तुमची तळमळ पटते, उपाय पटत नाही. आम्ही सॅन होजेहून सू-मेगला जातो. युरेकाच्या उत्तरेचे हे उद्यान 2021 पर्यंत पॅट्रिक्स पॉइंट म्हणून ओळखले जाई. त्या वर्षी त्याला तिथल्या मूळनिवासी युरोक लोकांचे मूळ नाव परत मिळाले. सहा तासांहून अधिक प्रवास, मागे दोन लहान मुले आणि सत्तरीच्या सासूबाई, अशा वेळी फाटकावर जागा मिळेल या भरवशावर कोण निघेल? राखीव जागा जवळ राहणारेच शुक्रवारी दुपारी येऊन पटकावतील. दोष आरक्षण करून न येणाऱ्यांचा आहे. त्यांच्यासाठी 2023 चा कायदा आहे: ऐन वेळी आरक्षण रद्द केले की पैसे कापले जातात.

प्रतिसाद २:
मुळात जागाच थोड्या आहेत. बिग सूरच्या डोंगराळ किनाऱ्यावरच्या जुलिया फायफर बर्न्स उद्यानात समुद्रावरच्या कड्यालगत तंबूच्या दोनच जागा आहेत. त्यांतला पाचवा हिस्सा कसा काढणार? आणि ज्या डोंगरउतारावरचा महामार्ग दरडींमुळे वारंवार बंद पडतो, तिथे आणखी जागा पाडा असेही मी म्हणणार नाही.

धागाकर्ता:
इतक्या लहान तळांना हा नियम नको, हे मान्य. पण पैसे कापल्याने रिकामी जागा भरत नाही. ज्याला ती रक्कम किरकोळ वाटते, तो रद्द करण्याची तसदीही घेत नाही. निदान पहिल्या रात्री कोणी आले नाही, तर ती जागा दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर देऊन टाकावी.

प्रतिसाद १:
सकाळी नव्हे, दुपारी. उत्तरेकडच्या रेडवुड वृक्षांच्या पट्ट्यात कित्येक मैल फोनला रेंज नसते; वाटेत गाडी बंद पडलेल्या कुटुंबाला कळवायला तेवढा वेळ मिळालाच पाहिजे.