सोळा दिवसांचं पिलू कालपासून उभंच राहीना, काय करू?

अहमदपूरची_सून

नमस्कार. घाईत लिहायले, चुकलं तर समजून घ्या.

४० पिलं घेतली होती, एका दिवसाची, गावरान क्रॉस. बचत गटाचं कर्ज काढून. दोन पहिल्याच रात्री गेली, बाकी ३८ चांगली होती. काल दिवेलागणीला खाद्य टाकलं तर सगळी पळत आली आणि एक जाग्यावरच बसून. तेच सगळ्यात मोठं, सगळ्यात खादाड. पाठीवर दोन तपकिरी पट्टे आहेत, लेकीनं त्याचं नाव पैलवान ठेवलंय. हातात घेतलं तर अंग गरम, डोळे लख्ख उघडे, चिवचिव करायलंय. खाली ठेवलं की मागच्या सांध्यावर बसतंय. पुढं जायचं असलं तर पंख टेकवून सरकतंय. भरडा समोर धरला की टकाटका टिपतंय. भूक आहे आणि पाय नाहीत, हेच मला कळंना. रात्रीतून बरं होईल म्हणलं, तर सकाळी आणखी एक तसंच बसलेलं.

पिलं न्हाणीशेजारच्या खोलीत आहेत. पुठ्ठ्याचं रिंगण, खाली सोयाबीनची गुळी, वर १०० चा बल्ब. सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात टाकून घेतलीय. खाद्य पहिले पाच दिवस दुकानाचं होतं, दोन किलो, ते संपलं. मग ज्वारीचा भरडा आणि तांदळाची कणी. पिलं विकणाराच म्हणला होता की गावरानाला एवढं चालतं.

मामंजी म्हणतात, मान मोडून पुरून टाक, रोग असला तर बाकीच्यांना लागंल. त्यांचंही खोटं नाही. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या, तेव्हाचं भ्या आमच्या घरात अजून आहे. पण लेक सकाळपासून पैलवानाला मांडीवर घेऊन बसलीय. शाळेत जाईना. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

जळकोटचा_शेतकरी

ताई, लकवा दिसतोय, मरेक म्हणतात तो. माझ्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) अशाच बसल्या होत्या, एक पाय पुढं आणि एक मागं. औषध नाही त्याला. आधी दोन्ही पिलं बाजूला काढा आणि हात धुऊनच बाकीच्यांकडं जा.

कंधारी_आक्का

दादा, तुमच्या तलंगा किती महिन्यांच्या होत्या? मरेक सोळा दिवसांच्या पिलात असा दिसत नाही. वेगळं काढायचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे, नाहीतर बसलेलं पिलू बाकीची तुडवतात.

सूनबाई, मान मोडायची घाई करू नका. पिलू तळहातावर उताणं घ्या आणि नुसती बोटं बघा. पाय दोन बाजूंना फाकलेत का, बोटं आत वळलीत का, मान वाकडी होती का, शी हिरवी आहे का. एवढं बघून सांगा. मी इथंच आहे.

अहमदपूरची_सून

आक्का, बघितलं. पैलवानाच्या दोन्ही पायांची बोटं आत वळलीत, मूठ आवळल्यासारखी. मी बोटानं सरळ केली, सोडल्याबरोबर परत मुडपली. दुसऱ्याचा एकच पाय तसा आहे. पाय फाकलेले नाहीत. मान सरळ. शी करडी-पांढरी, हिरवी नाही, रक्त नाही. आणखी एक पिलू चालतंय, पण चार पावलं टाकून बसतंय.

कंधारी_आक्का

मग ही बी२ ची कमतरता आहे, रायबोफ्लेविन म्हणतात ते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मामंजींना आधी एवढं सांगा.

हे मी पुस्तकातून नाही सांगायले. पंधरा वर्षांपूर्वी माझी ६० पैकी २३ पिलं अशीच बसली. मीही कणीच घालत होते, घरची फुकटची कणी. गावात कुणी म्हणलं वारं गेलं, कुणी म्हणलं नजर. मी तीन पिलं पिशवीत घालून एसटीनं उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. एक वाटेतच गेलं. तिथल्या सरांनी ते चिरून मांडीतली शीर दाखवली. निरोगी पिलाची बारीक शिवायच्या दोऱ्यासारखी असते, ती वातीसारखी फुगली होती. पाय मोडला नव्हता, पायाकडं निरोप नेणारी शीरच बिघडली होती. त्या दिवशी मला कळलं की पोट भरलं म्हणजे पिलू पोसलं असं नाही.

पिलाला किलोभर खाद्यात साडेतीन मिलिग्रॅमच्या वर बी२ लागतं. ज्वारीत त्याच्या निम्मंही नसतं, तांदळात तर आणखी कमी. तुम्ही म्हणाल आमच्या आजीनं कुठं औषधं घातली. आजीची पिलं खुडूक कोंबडीमागं उकिरड्यावर फिरायची. किडे, अळ्या, कोवळा पाला, शेणातलं उकरलेलं, सगळं पोटात जायचं. तुमची ३८ पिलं रिंगणात कोंडलेली, तुम्ही टाकाल तेवढंच त्यांचं जग. आणि जे सगळ्यात वेगानं वाढतं त्याला जास्त लागतं, म्हणून पैलवानच आधी बसला.

आता करायचं असं. मेडिकलमधून माणसांची बी-कॉम्प्लेक्सची गोळी आणा, पाकिटावर बी२ लिहिलंय ते बघून. एक गोळी चुरून अर्धा लिटर पाण्यात. पाणी पिवळं होईल, घाबरू नका, तो बी२ चाच रंग. उजेडानं तो नासतो, म्हणून भांडं उन्हात किंवा बल्बच्या बरोबर खाली ठेवू नका आणि रोज नवीन पाणी करा. आठवडाभर सगळ्या ३८ ना हेच पाणी. बसलेल्यांना दर दोन तासांनी चोच बुडवून पाजा. ड्रॉपरनं घशात ओतू नका, ठसका लागून जातं. चोचीच्या कडेला थेंब ठेवला की ते आपणहून गिळतं. खतं-बियाणांच्या दुकानात टॉनिक मागाल तर लेबल वाचा. बऱ्याच बाटल्यांवर ए, डी३, ई, बी१२ असतं, बी२ नसतंच. मी पहिल्यांदा तीच आणली होती, चार दिवस वाया गेले.

आणि आजच्या आज पिलांचं तयार खाद्य आणा. ते येईपर्यंत उकडलेलं अंडं कुस्करून, बोटभर दही, लसूणघास किंवा मेथी अगदी बारीक चिरून.

एक खरं सांगते, लेकीलाही सांगा. काल-परवा बसलेलं पिलू बहुतेक उठतं. आठ-दहा दिवस बोटं वळलेली राहिली तर शिरेचं नुकसान भरून येत नाही.

निवृत्त_पशुधन

आक्कांनी नेमकं सांगितलंय. दोनच गोष्टी जोडतो. रक्ती हगवणीची पावडर 'असू द्या' म्हणून पाण्यात घालू नका. त्यातलं अँप्रोलियम बी१ ला अडवतं, म्हणजे अशक्त पिलाची आणखी एक वाट बंद. आणि पुढं कधी पाय दोन बाजूंना फाकलेलं पिलू दिसलं तर ते वेगळं दुखणं. बहुतेक वेळा खालचा गुळगुळीत कागद कारण असतो. तिथं दोन्ही पाय मऊ पट्टीनं खांद्याएवढं अंतर ठेवून बांधतात. मुडपलेल्या बोटांना बांधून काही होत नाही.

एका दिवसात चार-पाच मेली, माना वळायला लागल्या, हिरवी शी किंवा धाप दिसली, तर घरी उपचार करत बसू नका. १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या नंबरवर फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात कळवा. मेलेलं उघड्यावर टाकू नका.

अहमदपूरची_सून

आज पाचवा दिवस, सांगायचं राहू नये म्हणून लिहायले. गोळ्या त्याच दिवशी आणल्या. खाद्याची ५० किलोची गोणी परवडण्यासारखी नव्हती, तर गटातल्या दोघींनी मिळून आणली, त्यांच्याकडंही पिलं आहेत आणि त्याही कणीच घालत होत्या. चार पावलं टाकून बसणारं पिलू दुसऱ्या दिवशीच पळायला लागलं. एक पाय वळलेलं काल उठलं. पैलवानाला मी आणि लेकीनं पाळी लावून पाजलं, रात्री मोबाईलला गजर लावून. काल दुपारी तो पोत्यावर उभा राहिला. डाव्या पायाची बोटं पूर्ण पसरलीत, उजव्याची मधली दोन अजून थोडी आत आहेत, पण तळवा टेकतोय. नवीन एकही बसलं नाही.

मामंजींनी सकाळी विचारलं, उठलं का गं ते? आणि स्वतः मेथी चिरून दिली.

आक्का, उजव्या पायाला अजून किती दिवस वाट बघू? आणि गोळीचं पाणी आठ दिवसांनी एकदम बंद करू का?

कंधारी_आक्का

तळवा टेकतोय म्हणजे शीर जिवंत आहे. अजून आठवडाभर वाट बघा. तयार खाद्य चालू असेल तर पाणी एकदम बंद केलं तरी चालतं. खाद्य कमी पडून परत ज्वारीवर यायची वेळ आली तर ज्वारी थोडी मिसळा, नुसती नको, आणि घास रोज. पैलवानाला आठ दिवस वेगळ्या डालग्यात ठेवा, पण शेजारीच, त्याला बाकीची दिसली पाहिजेत. एकटं पिलू ओरडून ओरडून थकतं.