साथीची आवई आणि सीमाबंदीची धास्ती: लेकीला माहेरी कधी आणावे?

उदगीरची शिक्षिका

नमस्कार. आमचे घर उदगीरला आणि थोरल्या लेकीचे सासर बिदरला. मध्ये राज्याची सीमा आहे, हे एरवी वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण आमच्या या पट्ट्यात सोयरिकी, बाजारहाट, दवाखाने आणि शेतीचे वाटे हे सगळेच सीमा ओलांडून चालत आलेले आहेत. लेकीला सातवा महिना सरत आला असून पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, असे दोन्ही घरांचे ठरलेले आहे. मात्र गेल्या आठवड्यापासून सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप फिरतो आहे की सीमेपलीकडे विषाणूची साथ आली आहे आणि दोन दिवसांत नाके बंद होणार आहेत. त्या निरोपात ना रोगाचे नाव आहे, ना गावाचे, ना तारखेचे. तरीही विहीणबाई रोज फोन करून लेकीला आत्ताच घेऊन जा म्हणतात आणि आमचे सासरे म्हणतात की असल्या दिवसांत तिला प्रवासच घडवू नका.

ही भीती निराधार आहे, असे म्हणायला माझे मन धजत नाही. २३ मार्च २०२० रोजी जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्याचे आम्ही दूरचित्रवाणीवर ऐकले, आणि दुसऱ्या रात्री आठ वाजता देशभरच्या टाळेबंदीची घोषणा झाली तेव्हा माझा भाऊ पुण्यात आणि त्याची मुले आमच्याकडे, अशी स्थिती होती. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला, तेव्हा कमलनगरच्या बाजूने बिदरला जाणारी माणसे नाक्यावरून परत फिरताना मी स्वतः पाहिली आहेत.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की खरी साथ आणि आवई यांतला फरक सामान्य माणसाने कसा ओळखावा, सीमा बंद करण्याआधी सरकारने लोकांना मुदत दिलीच पाहिजे असा काही कायदा आहे का, आणि गरोदर बाईला नाक्यावर अडवता येते का?

निवृत्त आरोग्य सहायक, बीड

ताई, १९९४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला होता आणि त्यानंतर मोकळ्या पडलेल्या घरांत, साठवलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे त्या वेळी तज्ज्ञ सांगत असत. घरात पिसवा फार झाल्या आहेत ही गावकऱ्यांची तक्रार मात्र रुग्ण सापडण्याच्या आधीची होती. हे मुद्दाम सांगतो, कारण खऱ्या साथीला नेहमी ठिकाण असते. अमुक गाव, अमुक वस्ती, नमुने अमुक प्रयोगशाळेत पाठवले, इतके तपशील कोणीतरी अधिकारी नाव लावून सांगतो. तुमच्याकडे आलेल्या निरोपात यातले काहीच नाही.

मामल्यानंतर महिनाभरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. औषधांच्या दुकानांतून प्लेगवरचे टेट्रासायक्लिन नाहीसे झाले, लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली आणि कित्येक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबवली. मृतांचा आकडा शंभरीच्या आत राहिला, व्यापाराचे नुकसान मात्र अफाट झाले. साथ एका गावी असताना तिची भीती दहा गावी पोहोचते, आणि सीमा बंद होणार ही बातमी फुटली की जे एरवी घरातच बसले असते तेही बोचके बांधून निघतात. म्हणजे जी गर्दी टाळायची तीच बसस्थानकावर जमते. तुमच्या विहीणबाईंची घाई याच जातीची आहे. त्यांना दोष देत नाही, पण ती ओळखून निर्णय घ्यावा.

दुसरे असे की रोग कसा पसरतो हे कळल्याशिवाय सीमेचा विचार करण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे, म्हणजे गिलान-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा बातम्यांत पुण्याजवळच्या नांदेड गावाचा उल्लेख येऊ लागला आणि इकडे आपल्या नांदेडला नातेवाइकांचे फोन सुरू झाले. तो आजार माणसाकडून माणसाला लागतच नाही. संशय दूषित पाण्यावर होता, तेव्हा नाका बांधून काय अडणार होते? त्याच महिन्यात तुमच्या उदगिरातच कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्यात दहा किलोमीटरचा टापू सतर्क ठेवला जातो तो मुख्यतः कोंबड्या आणि त्यांच्या वाहतुकीसाठी. निपाहसारखा खरोखर जीवघेणा विषाणू घ्या. केरळात २०१८ मध्ये त्याने १७ बळी घेतले, पण तो आटोक्यात आला तो रुग्णाच्या सहवासात आलेला एकेक माणूस शोधून वेगळा ठेवल्यामुळे.

खात्री करायची तर १०४ या आरोग्य मदत क्रमांकावर विचारावे, किंवा सरळ तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे. साथीची नोंद ठेवणारा सर्वेक्षण कक्ष प्रत्येक जिल्ह्यात असतो आणि बिदर जिल्ह्यातही आहे. जावईबापूंना तिकडे चौकशी करता येईल.

वकील, लातूर

कायद्यापुरते सांगतो. मुदत दिलीच पाहिजे असे बंधन मला कोणत्याही कायद्यात दिसत नाही आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे. साथरोग अधिनियम १८९७ हा मुंबईच्या प्लेगच्या धामधुमीत इंग्रज सरकारने घाईघाईने केलेला, मुळात अवघ्या चार कलमांचा कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमाखाली राज्य सरकार जाहीर सूचना काढून तात्पुरते नियम करू शकते, पण ती सूचना किती दिवस आधी निघावी याबद्दल कायदा गप्प आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरणाला वाहनांची ये-जा रोखता येते. आदेश मोडल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १८८ लागत असे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आले आहे.

आता गंमत पाहा. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत आहे, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचे विलगीकरण हा विषय घटनेने केंद्राच्या सूचीत, ८१ व्या नोंदीत ठेवला आहे. त्यामुळे एखाद्या राज्याने शेजाऱ्याचा रस्ता परस्पर अडवला, तर तो त्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद उभा राहू शकतो आणि राहिलाही आहे. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने केरळच्या कासारगोडकडील रस्ते मातीचे ढिगारे टाकून बंद केले. कासारगोडची माणसे दवाखान्यासाठी मंगळुरूवर अवलंबून. रुग्णवाहिका अडल्या आणि उपचारांविना मृत्यू झाल्याच्या तक्रारी आल्या. १ एप्रिल रोजी केरळ उच्च न्यायालयाने तातडीच्या उपचारांसाठी रस्ते मोकळे करण्यास केंद्राला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि रुग्णांना सोडण्याची कार्यपद्धती दोन्ही राज्यांत ठरल्याचे ७ एप्रिलला तिथे सांगण्यात आले. आपला उदगीर-बिदर पट्टा नेमका याच जातीचा आहे. त्यामुळे गरोदर स्त्रीला उपचारांसाठी जाताना अडवले गेले, तर हा दाखला तुमच्या बाजूचा आहे. अर्थात रात्री अकराला नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाला दाखला सांगून उपयोग नसतो, त्याला कागद लागतो.

देशादेशांमध्ये तरी थोडी शिस्त आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ प्रमाणे एखाद्या देशाने प्रवाशांना प्रवेश नाकारला किंवा चोवीस तासांहून अधिक खोळंबवले, तर त्याची कारणे ४८ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावी लागतात. करोना विषाणूच्या ओमायक्रॉन या प्रकाराच्या वेळी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ती शिस्त कितपत पाळली गेली हे आपण पाहिले. ज्या दक्षिण आफ्रिकेने तो प्रकार लवकर ओळखून जगाला कळवला, तिचीच विमाने आधी बंद झाली. पण निदान नियम लिहिलेला तरी आहे. तालुक्याच्या नाक्याला तेवढेही बंधन नाही.

मालवाहतूकदार, देगलूर

वकील साहेबांनी कागदाचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. आमच्या गाड्या देगलुराहून एकीकडे तेलंगणात आणि दुसरीकडे कर्नाटकात जातात. २०२१ मध्ये ७२ तासांचा नियम आला तेव्हा खरी अडचण अहवालाच्या तारखेची होती. नमुना सोमवारी दिला तर अहवाल बुधवारी हातात येई, आणि नाक्यावरचा माणूस मुदत नमुन्याच्या दिवसापासून मोजे. म्हणजे जाऊन माघारी यायला जेमतेम एक दिवस उरे. त्यातही एका पाळीचा माणूस फोनमधला अहवाल चालवून घेई आणि दुसऱ्या पाळीचा छापील प्रतच मागे. डाळीचे पोते दोन दिवस थांबले तरी बिघडत नाही, पण टोमॅटोची गाडी उन्हात उभी राहिली की दुपारनंतर खालच्या कॅरेटमधून पाणी ठिबकू लागते आणि मग ती पुढे नेण्यापेक्षा रिकामी करणे परवडते.

जनावरांचे तर विचारूच नका. २०२२ मध्ये लम्पी आला आणि गुरांचे बाजार बंद झाले. हाळी-हंडरगुळीसारख्या बाजारावर ज्यांचे वर्ष चालते, त्यांनी बैल दावणीला बांधून कडबा विकत घातला. ती बंदी आवश्यक होती, हे मला मान्य आहे, कारण तो रोग जनावरासोबतच प्रवास करतो. माझी तक्रार एवढीच की आदेश संध्याकाळी निघतो आणि गाडी सकाळीच भरलेली असते. वाटेतल्या गाड्यांना घरी पोहोचण्यापुरती सवलत देण्यात कोणाचे काय जाते?

माजी सरपंच, अहमदपूर तालुका

वरील मंडळींचा सूर मला एकांगी वाटतो. एप्रिल २०२० मध्ये मराठवाड्यातील बऱ्याच जिल्ह्यांत रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते आणि ते तसे राहिले ते ये-जा थांबल्यामुळेच. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हा प्राणवायूचा एक सिलिंडर असेल तर नशीब. तयारीला मिळालेले ते काही आठवडे फुकट मिळालेले नाहीत. आम्ही गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, पुण्या-मुंबईहून आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवले आणि ज्याच्या त्याच्या घरचा डबा फाटकाशी ठेवून घरच्यांना मागे फिरायला लावले. लोकांनी शिव्या घातल्या. मुदत द्या म्हणता, पण चार दिवसांची मुदत दिली असती तर त्या चार दिवसांत निम्मी मुंबई गावाकडे आली नसती का? आरोग्य सहायकांनीच सुरतेचे उदाहरण दिले आहे. ते माझ्या बाजूने बोलते.

निवृत्त आरोग्य सहायक, बीड

सरपंच साहेब, शाळेत ठेवण्याचे तुमचे काम उत्तमच होते आणि तेच मी म्हणतो आहे: माणूस आत घेतला, वेगळा ठेवला, जेवू घातला. रस्ता बंद करून त्याला रस्त्यावरच सोडणे ही निराळी गोष्ट आहे. आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या आवारात कोपींत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, अडकून पडली होती आणि एप्रिलच्या मध्यानंतर सरकारने परवानगी दिली तेव्हा कुठे ती घरी आली. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पंजाबचे हजारो भाविक महिनाभर राहिले. आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले; जालन्याच्या पोलाद कारखान्यातले ते लोक मध्य प्रदेशातील आपल्या गावांची गाडी मिळेल या आशेने चालत निघाले होते. मुदत देणे अवघड आहे हे मान्य. पण बंदीच्या आदेशातच अडकलेल्यांनी कुठे थांबायचे, काय खायचे आणि कोणत्या मार्गाने परतायचे, हे लिहिणे तर अवघड नव्हते.

उदगीरची शिक्षिका

सर्वांची आभारी आहे. जावयांनी तिकडच्या आरोग्य कार्यालयात विचारले. साथीची कोणतीही नोंद नाही, असे उत्तर मिळाले. त्यामुळे उद्याच्या उद्या निघण्याचा विचार सोडला आहे. तरीही पुढे महिनाभरात काही खरेच उद्भवले तर काय, ही टोचणी राहतेच. नाक्यावर चालतील असे कागद कोणते आणि नाव कोणत्या दवाखान्यात नोंदवून ठेवावे?

परिचारिका, निलंगा

ताई, नाव दोन्हीकडे नोंदवावे. कितीतरी माहेरवाशिणी तसे करतात आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. तिकडे मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे अहवाल आणि रक्तगटाची चिठ्ठी यांच्या छापील प्रती एक संच लेकीकडे आणि एक तुमच्याकडे असू द्या. फोनमधल्या छायाचित्रांवर विसंबू नका. बिदरच्या डॉक्टरांकडून त्यांच्या शिक्क्यानिशी दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी की प्रसूतीसाठी उदगीरला पाठवत आहोत. मालवाहतूकदार दादा ज्या कागदाविषयी बोलतात, तो हाच. आठवा लागला की डॉक्टरांना विचारून रेल्वेने किंवा सावकाश चालवणाऱ्या गाडीने दिवसाउजेडी आणावे, नववा लागेपर्यंत थांबू नये. हे साथ असो वा नसो. आणि तिचा रक्तदाब वाढलेला असेल किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असेल, तर माहेरचा हट्ट सोडून तुम्हीच बिदरला जाऊन राहा.