संग्रहातला अशनी: विकावा की राखावा?

दगडखाण (सांगली): विकत घेतलेला अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेला दगड, विकण्यात गैर काय? अर्जेंटिनातल्या कॅम्पो डेल सिएलो अशनीचं लोखंड आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजून पापुद्रे सोडतं. कपाटात कुजण्यापेक्षा जाणकाराकडे गेलेलं बरं.

हळदबाजार: कुजतं ते ठेवणाऱ्याच्या हयगयीने. आत क्लोराइड मुरलं असेल तर वरून तेल चोपडून काही होत नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४०% खाली. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. हातमोजे हवेतच, घामात मीठ असतं. आणि विकणारा चकत्या पाडतो हे का बोलत नाही? १ मिमीचं पातं, ४ मिमीची चकती, म्हणजे पाचवा हिस्सा भुसा.

कासपठार (सातारा): दोन गोष्टींची मिसळ होतेय. परदेशातून पावतीनिशी आणलेला वेगळा, इथे पडलेला वेगळा. आमच्या सातारा जिल्ह्यात १८७९ला कळंबीचा पडला, २०१२ला नागपूरकडे काटोलचा. अशांचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. ताज्या दगडात सोडियम-२२ हे किरणोत्सारी सोडियम असतं, ते २.६ वर्षांत निम्मं होतं, इतर काही किरणोत्सारी अणू तर दिवसांत संपतात. म्हणून घाई करा. जागेचा फोटो काढा, अक्षांश-रेखांश नोंदवा, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, कळवा. जोरदार निओडिमियम चुंबक लावू नका, दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.

दगडखाण: आणि शेतकऱ्याला काय, शाल-श्रीफळ? जप्तीची धास्ती असेल तर दगड पोत्यात जाईल, नाहीतर तांदळाचे दाणे ओढणारा 'चमत्कारी' धातू म्हणून विकणाऱ्या राईस पुलरवाल्या ठगांच्या हाती. योग्य मोबदला ठेवा, मग बघा किती जण स्वतःहून आणून देतात.

मिरजकर: मोबदल्याच्या आधी तो अशनी आहे का ते ठरवा! माणदेशाच्या माळावरचा काळा दगड बहुधा बेसॉल्ट. मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे तोही चुंबकाला ओढतो. वायूची भोकं दिसली तर विषय संपला. बिनचकाकीच्या फरशीवर घासा, लाल रेघ उठली तर हेमॅटाइट, म्हणजे पृथ्वीवरचंच लोहखनिज. घनता काढायला दगड पाण्यात बुडवू नका, काचेच्या बारीक मण्यांत बुडवून आकारमान मोजा. साधा कोंड्राइट, म्हणजे सर्रास सापडणारा दगडी अशनी, घन सेंटिमीटरला साधारण ३.३ ते ३.७ ग्रॅम भरतो, बेसॉल्ट ३च्या खाली.

हळदबाजार: मोबदल्याचं पटलं, विक्रीचं नाही.

दगडखाण: अहो, परदेशी दगडाचं वर्गीकरण करताना २० ग्रॅम किंवा वजनाचा २०%, जे कमी ते, अभ्याससंस्थेत ठेवावंच लागतं. ६० ग्रॅमच्या दगडातले १२ अभ्यासाला गेले, उरलेले ४८ विकले तर कोणाचं अडलं?

हळदबाजार: त्या ४८च्या आठ चकत्या आठ गावी गेल्या की पुढे कोणाला मोठा सलग काप हवा असेल तर आणायचा कुठून?

कासपठार: विकाच, पण प्रत्येक चकतीसोबत नाव, वजन आणि आधीच्या मालकाची चिठ्ठी द्या. डिंकाने दगडावर चिकटवू नका, डब्यात ठेवा.