नवतपात नागपूर आणि सावरडो वॉफल

विषय: नागपुरात सावरडो वॉफल, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मुलांच्या शाळा मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपतात. त्यानंतर लगेच त्यांना घेऊन नागपूरला धरमपेठेत माहेरी जाते आहे, म्हणजे नेमक्या नवतपात (मेअखेरीपासूनचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पोचणार. थंडीत जा, असं सगळ्यांनी सांगितलं, पण बाबांची तब्येत पाहता आता थांबावंसं वाटत नाही.

बाबांचा सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि टोस्ट. वजन उतरलंय, हातापायांतली ताकद कमी झालीय. डॉक्टरांनी आहारात प्रथिनं वाढवायला सांगितलंय, पण डाळीची वाटी पुढे केली की ते दोन घास खाऊन सरकवतात. इकडे माझी मुलं सकाळी वॉफलशिवाय काही मागत नाहीत. बाबांना आंबवलेल्या पिठाची चव मनापासून आवडते, त्यामुळे सगळ्यांना चालेल असा एकच सावरडो वॉफल, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता घरी आंबवलेल्या पिठाचा, करावा, असं डोक्यात आहे. ज्यांनी नागपूरच्या उन्हाळ्यात सावरडो सांभाळलंय त्यांनी सांगा: विरजण, म्हणजे पीठ आंबवायला घालायचं ते आंबलेलं कणीक-पाणी, इथून न्यावं का? वॉफलचं यंत्र आणि प्रोटीन पावडरचा डबा बॅगेत टाकू का?

डॅलसहून, मूळची धरमपेठची

---

विषय: उत्तर: नागपुरात सावरडो वॉफल, सल्ला हवा

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सी सोडून नागपूरला परतलो तरी मंडळाची ही ईमेल यादी सोडवत नाही. तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

आधी यंत्र. ते अजिबात आणू नका. तुमच्याकडे १२० व्होल्ट, इथे २३०. वॉफलचं यंत्र हजार वॅटच्या आसपास वीज खातं, त्याला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर यंत्रापेक्षा जड आणि महाग पडतो. सीताबर्डीला सँडविच टोस्टर मिळतात, त्यातल्या काहींना वॉफलच्या बदलत्या प्लेट असतात. तसा एखादा घ्या. नाहीतर गॅसवर ठेवायचा बिडाचा साचा घ्या. उन्हाळ्यात वीज गेली तरी नाश्ता अडत नाही.

विरजण मात्र जरूर आणा, पण वाळवून. बेकिंग पेपरवर पातळ पसरा, पंख्याखाली कडकडीत वाळू द्या, चुरा करून पिशवीत भरा. इथे आल्यावर चमचाभर चुरा कोमट पाण्यात भिजवायचा आणि कणीक घालत जायची, दोन-तीन दिवसांत उसळायला लागतं. कोरं विरजण नुसत्या कणीक-पाण्यातूनही होतं, पण त्यात आठवडा जाईल.

आता उन्हाळा. सावरडोमध्ये रानटी यीस्ट आणि आंबट करणारे जिवाणू एकत्र नांदतात. यीस्टला २५ ते २८ अंश मानवतं. पारा ३५ च्या वर गेला की यीस्ट मंदावतं, जिवाणू मात्र जोरात असतात. मेमध्ये इथे बाहेर ४५ असतं, स्वयंपाकघरही तापून निघतं. त्यात पीठ रात्रभर ओट्यावर ठेवलं तर सकाळी पाण्यासारखं सैल आणि जीभ आंबवणारं होतं. म्हणून डॅलसचं वेळापत्रक इथे चालवू नका. बरणीला रबर लावून खूण करा, पीठ दीडपट झालं की लगेच फ्रिजमध्ये. विरजणाला खाणंही जास्त द्या: १ भाग विरजण, ५ भाग कणीक, ५ भाग पाणी. कूलरच्या खोलीत, माठाशेजारी बरणी ठेवली तर दिवसही सुखाचा जातो. हवा कोरडी असते, वरून साय धरते, तेव्हा झाकण हवंच. (डिसेंबरात याच्या अगदी उलट, तेव्हा रात्रभर बाहेर ठेवूनही कधीकधी फुगायला वेळ लागतो.)

माझं चौघांचं प्रमाण असं आहे. रात्री नऊच्या सुमाराला २०० ग्रॅम विरजण (निम्मी कणीक, निम्मं पाणी), १२० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, १०० ग्रॅम दही आणि तेवढंच पाणी एकत्र कालवायचं. तास-दीड तास बाहेर, मग फ्रिज. दूध आणि अंडी रात्री अजिबात घालायची नाहीत, या दिवसांत तो धोका नको. सकाळी तीन अंड्यांचा पिवळा बलक, १०० ग्रॅम कुस्करलेलं पनीर, ५० ग्रॅम पातळ केलेलं साजूक तूप, मीठ आणि लागेल तसं दूध, फार तर १०० मिली. पांढरं वेगळं फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळायचं. अर्धा चमचा खायचा सोडा अगदी साचा तापल्यावर घाला. आंबलेल्या पिठाला तो लागला की तिथेच फसफसतो, नंतर बुडबुडे उडून जातात.

डाळीचं पीठ रात्रीच घालायचं कारण सांगते. भिजून आंबलं की त्याचा कच्चा वास जातो आणि ते खुसखुशीत होतं. शिवाय गव्हात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी (हे दोन्ही प्रथिनांचे घटक). दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आपल्या वरण-पोळीसारखं. आंबवल्याने धान्य-डाळीतलं फायटेट, म्हणजे लोह-जस्त अडवून धरणारा घटक, तेही कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त अंगी लागायला मदत होते.

हिशोब करून पाहिला. अंड्यांतून १८ ग्रॅम, पनीरमधून साधारण तेवढंच, डाळीच्या पिठातून १३, बाकी कणीक, दही, दूध. सगळं मिळून सुमारे ८० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे चौघांत प्रत्येकी २०. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम म्हटलंय. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम, त्यातलं २० एका नाश्त्यातच झालं. बाबांच्या किडनीचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना आकडा विचारा.

आणि बाबांना मेपल सिरप देऊ नका हो. साखर घालायचीच नाही. पिठात हिरवी मिरची, जिरं, भरपूर सांबार (कोथिंबीर) चिरून घाला आणि वॉफलवर हरभऱ्याची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, ओता, आपल्या तर्री पोह्यांवर असते तशी. वॉफलच्या खळग्यांत ती थांबते. आमच्याकडे वयस्कर पाहुणे आले की मी हेच करते, आणि ते दुसरा मागतात.

बजाजनगरहून, एक काकू

---

विषय: उत्तर: उत्तर: नागपुरात सावरडो वॉफल, सल्ला हवा

काकू, फार उपयोगी लिहिलंत. आमच्याकडे अंडी चालत नाहीत. पनीर वाढवलं तर वॉफल चिकटतो. आणि प्रोटीन पावडरबद्दल तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. इथे टोरांटोत सगळे तीच घालतात.

टोरांटोहून, मूळचा इतवारीचा

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: नागपुरात सावरडो वॉफल, सल्ला हवा

दादा, पावडरबद्दल माझं मत खरंच चांगलं नाही. व्हे पावडर, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यापासून केलेली, तापली की घट्ट होऊन पाणी सोडते, वॉफल रबरासारखा होतो, आणि आत शिजायच्या आधी बाहेरून काळपटतो. वॉफल कोरडा झाला की म्हातारी माणसं खात नाहीत, त्यांना गिळायलाच त्रास होतो. डॉक्टरांनी सांगितलीच असेल तर एवढ्या पिठात ३० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, तेवढी कणीक कमी करा, दूध थोडं वाढवा आणि आच मंद ठेवा. माझा स्वतःचा कौल डाळीला.

अंड्याऐवजी मूगडाळ. १०० ग्रॅम डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तीन अंड्यांपेक्षा जास्तच. चार तास भिजवा (नागपुरात फ्रिजमध्येच, बाहेर पाण्याला वास येतो), कमीत कमी पाण्यात अगदी बारीक वाटा आणि सकाळी पिठात मिसळा. दूध मग बहुतेक लागत नाही. दोन चमचे तांदळाची पिठी घातली तर कड छान कुरकुरीत होते. पनीर १०० ग्रॅमच ठेवा, पण किसून, गुठळी राहिली की तीच चिकटते. साचा चांगला तापल्यावर दर वेळी तुपाचा हात फिरवा आणि वाफ यायची थांबेपर्यंत झाकण उघडू नका. अंड्याविना वॉफलला आधार कमी असतो, घाई केली की तो मधून फाटतो.

आपल्या विदर्भात सोयाबीन मुबलक, म्हणून त्याचं पीठ घालायचा मोह होतो. घाला, पण भाजलेल्या दाण्यांचंच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. ४० ग्रॅमच्या वर गेलं की वास येतो आणि मुलं बाजूला सारतात.

मुलांसाठी गोड हवं असेल तर वरून चक्का आणि केळं. थंडीत या म्हणजे आंबिया बहाराच्या संत्र्याच्या सोललेल्या फोडी चक्क्यावर घालता येतील. मेमध्ये चांगलं संत्रं मिळणं कठीण, तेव्हा आंबा आहेच.

काकू

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: नागपुरात सावरडो वॉफल, सल्ला हवा

काकू, यंत्र आणि पावडर दोन्ही बॅगेतून काढलं. विरजण आज पसरून वाळत घातलं. आईला गुडघ्यांमुळे रोज ओट्याशी उभं राहणं जमत नाही. मी परत आल्यावरही बाबांना हे मिळत राहावं असं फार वाटतं. करून ठेवता येईल का?

धरमपेठची

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: नागपुरात सावरडो वॉफल, सल्ला हवा

येईल. निघायच्या आधी दुप्पट-तिप्पट प्रमाणात करा. तर्रीसोबत खायचे असल्याने ते बिनसाखरेचेच असतील. फ्रीझरमध्ये टिकतात चांगले. साच्यातून काढले की जाळीवर सुटे ठेवा, एकावर एक रचले तर वाफेने मऊ पडतात. पूर्ण गार झाले की ताटात एकेरी मांडून फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या, मग पिशवीत भरा आणि वर तारीख लिहा. महिनाभर चव जात नाही. आईंनी सकाळी फक्त दोन काढून मंद तव्यावर झाकण न ठेवता दोन्हीकडून गरम करायचे, पाच-सात मिनिटं पुरतात. वीज बराच वेळ गेली आणि वॉफल सुटून मऊ झाले, पण अजून थंडगार असतील, तर ते लगेच गरम करून खाऊन टाका, परत गोठवू नका. तर्री मात्र आईंना ताजीच करायला सांगा, हरभरे रात्री भिजत टाकले की कुकरमध्ये होतात आणि त्यात उभं राहावं लागत नाही.

काकू